आयसीयूतला सेप्सिस: ‘प्रोकॅल’ वाढलं म्हणजे नेमकं काय झालं?

रातवा (धागाकर्ता)

सेप्सिस आहे की नाही हे एकटीच्या जोरावर सांगेल अशी एकही रक्ततपासणी आजघडीला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागे एका धाग्यावर ‘प्रोकॅल्सिटोनिन ४ आलंय, म्हणजे सेप्सिस पक्का ना?’ असा प्रश्न आला होता आणि त्यावर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘काढा देऊन बघा’ अशी तिन्ही उत्तरं पडली होती. मी आयसीयूत काम करतो. जमेल तितकं सोपं करून लिहितो, बाकी प्रतिसादांत बोलू.

आधी व्याख्या. २०१६ साली ठरलेली ‘सेप्सिस-३’ ही व्याख्या सध्या चालते. संसर्गाला तोंड देताना शरीराचा स्वतःचाच तोल सुटतो, त्यात अवयव बिघडायला लागतात आणि जिवावर बेततं, तो सेप्सिस. म्हणजे ताप आहे आणि काउंट वाढलेत एवढ्यावर सेप्सिस म्हणत नाहीत. अवयव किती बिघडलेत ते मोजायला ‘सोफा’ नावाचा स्कोअर आहे. फुप्फुसं, रक्त गोठणं, यकृत, रक्तदाब, मेंदू आणि किडनी, प्रत्येकाला ० ते ४ गुण. संसर्गाचा संशय आहे आणि हा स्कोअर नेहमीपेक्षा २ किंवा अधिक गुणांनी चढला, की सेप्सिस.

आता गंमत बघा. या सहापैकी चार गोष्टी रक्तावरूनच कळतात: प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन. सगळ्या जुन्या तपासण्या, बऱ्याचशा तालुक्याच्या लॅबमध्येही होणाऱ्या. प्रोकॅल्सिटोनिन त्या व्याख्येत कुठेच नाही. शरीरातली सूज दाखवणारं सीआरपीही नाही. पांढऱ्या पेशींचे काउंटसुद्धा नाहीत, ते १९९१ साली ठरलेल्या जुन्या व्याख्येत होते. नातेवाईक ज्या आकड्यासाठी जीव टांगून बसतात तो व्याख्येत नाही, आणि ज्या क्रिएटिनिनकडे कोणी बघत नाही ते आहे.

मग प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे आमच्या बोलीतलं ‘प्रोकॅल’, का पाठवतात? हे ११६ अमिनो आम्लांचं प्रथिन. निरोगी माणसात थायरॉइडमधल्या सी पेशी ते बनवतात आणि तिथल्या तिथे तोडून त्याचं कॅल्सिटोनिन हे हॉर्मोन करतात. त्यामुळे रक्तात मिलिलिटरमागे ०.०५ नॅनोग्रॅमसुद्धा सापडत नाही. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की यकृत, फुप्फुसं, चरबी असे भलतेच अवयव ते बनवायला लागतात. त्यांच्याकडे पुढची तोडणी करायची सोय नसते, म्हणून ते आहे तसं रक्तात उतरतं. १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी लहान मुलांमध्ये हे दाखवलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, तिथून या तपासणीचा प्रवास सुरू झाला. निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूंचं विष टोचून पाहिलं, तेव्हा साधारण ४ तासांत ते रक्तात दिसायला लागलं. कारण आटोक्यात आलं की रोज साधारण निम्म्यावर येतं. विषाणूच्या संसर्गात शरीर जे इंटरफेरॉन-गॅमा सोडतं ते याला दाबून धरतं, म्हणून ‘जिवाणू की विषाणू’ या प्रश्नाला थोडी मदत होते. थोडीच.

सीआरपी त्याहून जुनं. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. यकृत ते बनवतं, इंटरल्युकिन-६ या निरोप्या प्रथिनाच्या सांगण्यावरून. स्वस्त आहे, कुठेही होतं. पण संधिवात, ऑपरेशन, मोडलेलं हाड, स्वादुपिंडाची सूज, कशानेही चढतं. दारात कोणीही आलं तरी भुंकणारं कुत्रं म्हणा.

आणि आता अचूकपणा. २०१३ साली ३० अभ्यास एकत्र करून काढलेलं उत्तर असं: खरा सेप्सिस असलेल्यांपैकी ७७ टक्के प्रोकॅल पकडतं आणि सेप्सिस नसलेल्यांपैकी ७९ टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणतं. ऐकायला बरं वाटतं. कागदावर मांडून बघा. आयसीयूतले १०० संशयित घ्या, त्यातल्या ३० जणांना खरोखर सेप्सिस आहे असं धरा. प्रोकॅल २३ जणांना पकडेल, ७ सुटतील. उरलेल्या ७० पैकी १५ जणांना उगाच ‘हो’ म्हणेल. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या ३८ जणांत १५ चुकीचे. आणि ‘निगेटिव्ह’ आला म्हणून अँटिबायोटिक न देता थांबलो, तर ६२ पैकी ७ जण आपल्या डोळ्यांदेखत शॉकमध्ये जाऊ शकतात, म्हणजे त्यांचा रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवायला प्रोकॅलचा आधार घेऊ नका. थांबवायचं कधी हे ठरवताना मात्र घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही तपासणी चुकीच्या दाराने आपल्याकडे आली. तिचं काम औषध बंद करताना आहे, आपण तिला निदानाच्या खुर्चीत बसवलं.

---

चिंचोका

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. रक्ताचं कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू बाटलीत वाढवून पाहिले, की जंतू सापडतोच ना? मग मधल्या या आकड्यांची गरजच काय?

---

रातवा

@चिंचोका, बाळबोध नाही, हाच खरा प्रश्न आहे. सेप्सिसच्या साधारण दोन तृतीयांश रुग्णांत रक्ताचं कल्चर निगेटिव्ह येतं. जंतू फुप्फुसात किंवा पोटात असतो, रक्तात दरवेळी उतरतोच असं नाही. वाढायला एक-दोन दिवस लागतात, कोणतं औषध लागू पडेल ते कळायला आणखी वेळ. आणि आपल्याकडे पेशंट येतो तेव्हा मेडिकलवाल्याने दिलेल्या दोन-तीन गोळ्या पोटात गेलेल्याच असतात. त्यानंतर बाटलीत काय उगवणार?

तरी कल्चर घ्यायचंच, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, दोन वेगवेगळ्या जागी टोचून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. इथेच घोळ होतो. शीर सापडत नाही, रात्रीची वेळ असते, ३ मिली रक्त दोन बाटल्यांत वाटून टाकतात आणि मग रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’. भारीतली तपासणी पाठवण्याआधी ही बाटली नीट भरली तर पेशंटचं जास्त भलं होईल, असं मी आमच्या पोरांना कायम सांगतो.

---

पाणबुडी

माझा अनुभव लिहिते. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाळते. बाबांची बायपास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवरचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘प्रोकॅल ३.८ आलंय, इन्फेक्शन दिसतंय, हायर अँटिबायोटिक सुरू करतोय.’ बाबांना ताप नव्हता, बीपीचं औषध कमी करत आणलं होतं, आम्हाला ओळखत होते. पुढे रोज प्रोकॅल. बिलात एकेक तपासणी दोन हजारांच्या वर. ३.८ चं २ झालं, मग १, तेव्हा म्हणाले, ‘बघा, औषध लागू पडलं.’ सगळी कल्चर निगेटिव्ह. बाबा ठणठणीत आहेत, तक्रार कोणाकडे करायची नाही. पण ते इन्फेक्शन होतं का हो खरंच?

---

रातवा

@पाणबुडी, तुमच्या बाबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल ठाम बोलणार नाही. सर्वसाधारण सांगतो. बायपाससारख्या मोठ्या ऑपरेशननंतर, रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरल्यावर, जंतू नसतानाही प्रोकॅल चढतं. साधारण पहिल्या दिवसभरात सगळ्यात वर जातं आणि मग आपलं आपण उतरायला लागतं. मोठी दुखापत, भाजणं, उष्माघात, हृदय बंद पडून परत सुरू होणं, यांतही तेच. किडनी काम करत नसेल तर ते जरा वरच राहतं. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या सकाळचा एकटा आकडा वाचायचा नसतो. उतरलेलं प्रोकॅल तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वर वळलं, तर मात्र कान टवकारायचे.

‘उतरलं म्हणजे औषध लागू पडलं’ हा तर्क तुम्ही बरोबर पकडलात. जे आपोआप उतरणारच होतं त्याचं श्रेय औषधाला कसं देणार?

---

शंखवेल

मी आयसीयूत नर्स आहे. रातवा सरांनी लॅक्टेटबद्दल, म्हणजे पेशींची ओढाताण झाली की रक्तात वाढणाऱ्या आम्लाबद्दल, लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे सेप्सिसचा पेशंट आला की सगळ्यात आधी एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर लॅक्टेट बघतात, दोन मिनिटांत आकडा येतो. सेप्टिक शॉकच्या व्याख्येत हे आहे: पुरेसं सलाइन देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ च्या वर. अशा रुग्णांतले ४० टक्क्यांहून अधिक दगावतात. पण लॅक्टेट जंतूंचं माप नव्हे. फिट येऊन गेली तरी चढतं, लिव्हर खराब असेल तर चढतं, अॅड्रिनलिनचं इन्फ्यूजन चालू असेल तर चढतं. दम्याच्या पेशंटला नेब्युलायझर मागून नेब्युलायझर दिले तरी चढतं. आणि सॅम्पल काढून सिरिंज ट्रेमध्ये तशीच पडली आणि फोन घ्यायला कोणी गेलं, तर सिरिंजमधल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि लॅक्टेट बसल्याजागी वाढतं. नवीन मुलींना मी पहिलं हेच शिकवते: सॅम्पल हातात घेतलं की सरळ मशीनकडे चालायचं.

दुसरं म्हणजे बोट. दक्षिण अमेरिकेतल्या ५ देशांत २८ हॉस्पिटलांत एक अभ्यास झाला, अँड्रोमेडा-शॉक नावाचा, २०१९ साली आला. एका गटात दर दोन तासांनी लॅक्टेट बघून उपचार ठरवायचे. दुसऱ्या गटात दर अर्ध्या तासाने पेशंटच्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या पेरावर काचेची स्लाइड दाबायची, पांढरं पडलं की १० सेकंद तसंच धरायचं, सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ३ सेकंदांहून जास्त लागले तर रक्त नीट पोचत नाहीये. २८ दिवसांत बोट बघणाऱ्या गटात ३४.९ टक्के मृत्यू, लॅक्टेट बघणाऱ्या गटात ४३.४ टक्के. आकडेशास्त्राच्या काटेकोर हिशेबात हा फरक थोडक्यात हुकला, त्यामुळे ‘बोट जिंकलं’ असं कोणी म्हणू नये. पण लॅक्टेटपेक्षा वाईट तर नक्की ठरलं नाही. आणि स्लाइड फुकट आहे.

---

अर्धा_कप

शंखवेलताई, प्रतिसाद फार आवडला. स्लाइड घेऊन आत्ताच बायकोचं बोट दाबून पाहिलं, दोन सेकंद. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याचं माप कुठल्या मशीनवर येत नाही :)

---

वैनगंगाकाठ

मी विदर्भात फिजिशियन आहे. परदेशातले आकडे इकडे जसेच्या तसे लावताना जपून, एवढंच सांगायचंय.

ऑगस्ट ते नोव्हेंबर आमच्याकडे जे तापाचे पेशंट धाप लागून, प्लेटलेट खाली येऊन, क्रिएटिनिन वाढून येतात, त्यांत स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, बराच असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची मोठी साथ होती, पेपरात वाचलं असेल. या आजारात प्रोकॅल चांगलंच चढतं. फाल्सिपेरम मलेरियात आणि लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस). आता बघा काय होतं: प्रोकॅल ८, सोफा ७, ‘बॅक्टेरियल सेप्सिस’ म्हणून मेरोपेनेम हे जबर अँटिबायोटिक सुरू. आणि मेरोपेनेम स्क्रब टायफसवर काडीचंही काम करत नाही! त्या वर्गातली कुठलीच औषधं करत नाहीत. लागते डॉक्सिसायक्लिन, जिची कॅप्सूल काही रुपयांना मिळते.

प्रोकॅलने इथे खोटं सांगितलेलं नाही. सेप्सिस आहेच. पण कोणामुळे, हे त्याला विचारून कळत नाही. त्यासाठी पेशंटचे कपडे बाजूला करून बघावं लागतं. काख, जांघ, कंबरेचा नाडीखालचा भाग, बायकांत स्तनाखालची घडी. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लालसर कडं, दुखत नाही म्हणून पेशंट स्वतःहून सांगत नाही. सगळ्यांना सापडत नाही. पण सापडली की पुढच्या दहा तपासण्या वाचतात. ‘शेतात, गवतात गेला होता का’ हा प्रश्नही फुकट.

मुंबईकरांना २६ जुलै २००५ नंतरचा लेप्टो आठवत असेलच. तिथेही हेच. पावसाळ्यात ज्या भागात जे फिरतंय ते डोक्यात ठेवूनच रिपोर्ट वाचायचा.

---

रातवा

@वैनगंगाकाठ, क्या बात है. हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. डॉक्सी आमच्याकडेही पावसाळ्यात पहिल्या दिवसापासून जोडतो, रिपोर्टची वाट न पाहता.

---

उलटतपासणी

सगळं वाचलं. मला थेट विचारायचंय: ही तपासणी किट विकणाऱ्यांनी आणि लॅबवाल्यांनी चालवलेली नाही का? निदानाला उपयोग नाही असं तुम्हीच म्हणता. मग ‘थांबवायला उपयोगी’ ही पळवाट झाली. डॉक्टरने ठरवावं ना, सात दिवस झाले, पेशंट बरा दिसतोय, बंद करा. त्यासाठी रोज दोन हजार कशाला?

---

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे, मूळची सांगलीची. उलटतपासणी यांचा प्रश्न रास्त आहे, त्यावर इथेच मोठा अभ्यास झाला. ‘अडॅप्ट-सेप्सिस’, ब्रिटनमधले ४१ आयसीयू, २७६० रुग्ण, डिसेंबर २०२४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन गट केले: रोज प्रोकॅल बघून सल्ला, रोज सीआरपी बघून सल्ला, आणि नेहमीसारखं. डॉक्टरांना आकडा दाखवतच नव्हते, फक्त ‘थांबवायचा विचार करा’ किंवा ‘चालू ठेवा’ एवढी सूचना मिळायची. ही रचना मला फार आवडली, आकडा दिसला की माणूस त्याच्या मागे लागतोच.

निकाल: नेहमीच्या गटात अँटिबायोटिक सरासरी १०.७ दिवस, प्रोकॅल गटात ९.८. म्हणजे एक दिवससुद्धा पूर्ण नाही. सीआरपी गटात काहीच फरक नाही. २८ दिवसांतले मृत्यू प्रोकॅल गटात २०.९ टक्के, नेहमीच्या गटात १९.४. अभ्यासाच्या आधी ठरवलेल्या मर्यादेत हे बसलं, म्हणजे लवकर थांबवल्याने धोका वाढला असं दिसलं नाही.

त्याआधी नेदरलँड्समध्ये १५ आयसीयूंत झालेल्या ‘सॅप्स’ अभ्यासाचा निकाल (२०१६) जास्त गोड होता. तिथला नियम असा: प्रोकॅल सर्वांत वरच्या आकड्यापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ च्या खाली आलं की थांबवायचा सल्ला. अँटिबायोटिक ७ ऐवजी ५ दिवसांवर आलं आणि २८ दिवसांतले मृत्यूही २५ वरून २० टक्क्यांवर. त्या मृत्यूच्या आकड्यावर मी स्वतः फार विसंबत नाही, नंतर ब्रिटनमध्ये तसं दिसलं नाही.

---

उलटतपासणी

एक दिवस! म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं की.

---

लीड्सकर

इथे खरं असेलही. ज्या आयसीयूत आधीच शिस्तीने औषधं बंद होतात तिथे प्रोकॅलला कमी करायला उरतंच काय? मी भारतात सुट्टीवर आले की नातेवाइकांच्या फाइली बघते. दोन-दोन आठवडे मेरोपेनेम, वर कोलिस्टिन, आणि थांबवायची तारीख कुठेच लिहिलेली नाही. तिथे एक दिवस नाही, जास्त वाचतील. अर्थात हा माझा अंदाज, अभ्यास नव्हे.

---

रातवा

दोघांचंही थोडं थोडं पटतं. @उलटतपासणी, पळवाट म्हणू नका. पण तुमच्या संशयाला बळ देणारी एक गोष्ट मीच सांगतो. डेन्मार्कमध्ये ‘पास’ नावाचा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. तिथे उलटा खेळ होता: प्रोकॅल चढलं किंवा उतरेना की लगेच आणखी जबर अँटिबायोटिक, आणखी कल्चर, आणखी स्कॅन. जीव वाचायला मदत झाली नाहीच, उलट या गटातले पेशंट जास्त दिवस व्हेंटिलेटरवर आणि आयसीयूत राहिले आणि किडनीवरही ताण आला. आकडा वाढला म्हणून औषध वाढवायचं, ही सवय पेशंटला महागात पडते, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त तीच दिसते. पाणबुडी यांच्या बाबांच्या बाबतीत जे सांगितलं गेलं, त्याचा सूर तोच आहे.

रोज पाठवायची तर मुळीच गरज नसते. पहिल्या दिवशी एक, मग पेशंट सुधारतोय असं वाटलं की एखाद-दोन. चित्र स्पष्ट असेल तर एकही नाही. न्यूमोनिया आहे, ताप गेला, ऑक्सिजनची गरज कमी झाली, खातोय-पितोय, तर कोणाला विचारायचंय?

---

मोरपंखी_शाई

मी बायोटेकमध्ये आहे. नवीन मार्करांबद्दल, म्हणजे आजाराची खूण देणाऱ्या रक्तातल्या मापांबद्दल, कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

२०१० साली पियेराकोस आणि व्हिन्सेंट यांनी मोजलं तेव्हा सेप्सिससाठी अभ्यासलेले १७८ मार्कर होते. २०२० साली परत मोजले, २५८. बहुतेकांवर एखाददुसरा अभ्यास, मग विस्मरण. पुढे सरकलेले मोजकेच. प्रेसेप्सिन, हा सीडी१४ या रेणूचा रक्तात सुटलेला तुकडा, जपानमध्ये वापरात. मोनोसाइट पेशींच्या आकारातला पसारा मोजणारा एमडीडब्ल्यू, जो नेहमीच्या सीबीसीच्या मशीनवरच निघतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये परवानगी दिली. हा मला रोचक वाटतो कारण वेगळं सॅम्पल लागत नाही. तिसरा प्रकार जनुकांचा: पांढऱ्या पेशींमध्ये कोणती जनुकं जागी झाली ते बघून संसर्ग की नुसतीच सूज हे ओळखायचं. सेप्टिसाइट नावाची तपासणी दोनच जनुकं मोजून साधारण तासाभरात उत्तर देते. आपल्याकडच्या सरसकट आयसीयूच्या खिशाला ती परवडायला वेळ आहे.

पण एवढे मार्कर येऊनही गाडी पुढे का जात नाही? कारण पडताळायला खात्रीची कसोटी (गोल्ड स्टँडर्ड) नाही. हार्ट अटॅकमध्ये ट्रोपोनिन ही रक्ततपासणी बरोबर की चूक हे अँजिओग्राफीत बंद नळी बघून तपासता येतं. सेप्सिसमध्ये तशी नळी नाही. दोन अनुभवी डॉक्टर फाइल वाचून ‘हा सेप्सिस होता, हा नव्हता’ असं ठरवतात आणि त्यांच्या मताशी मार्कर ताडून बघतात. त्या दोघांचंच प्रत्येक फाइलीवर एकमत होत नाही. मग मार्कर ७७ टक्के बरोबर निघाला तर उरलेल्या २३ मध्ये चूक मार्करची की डॉक्टरांची?

---

रातवा

@मोरपंखी_शाई, हेच नेमकं. आणि ‘सेप्सिस’ हा एक आजार नाहीच. लघवीच्या संसर्गातून आलेली आजी, डेंग्यूनंतर फुप्फुसात जंतू शिरलेला पंचविशीतला मुलगा आणि केमोथेरपीत काउंट शून्यावर आलेला पेशंट, तिघांनाही आपण एकच नाव देतो. कोविडमध्ये अजून एक धडा मिळाला. टोसिलिझुमॅब दिलं की ते इंटरल्युकिन-६ ला अडवतं, यकृताला निरोपच जात नाही, सीआरपी सपाट. मागून जिवाणू शिरले तरी सीआरपी गप्पच. तेव्हा ‘सीआरपी छान कमी झालंय’ म्हणून नातेवाईक खूश असायचे आणि आम्ही पेशंटच्या श्वासाकडे बघत असायचो.

---

कोरांटी

जरा विषयाला सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार केले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गावातल्याच बाया, लॅब नाही, कल्चर नाही, प्रोकॅल तर नाहीच. बाळाचं रडणं क्षीण झालं, अंगावर ओढेनासं झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागलं, अशा खुणांवरून सेप्सिस ओळखायचा आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला.

---

वैनगंगाकाठ

@कोरांटी, विषयाला सोडून अजिबात नाही. उलट नवजात बाळात पहिले दोन दिवस प्रोकॅल नैसर्गिकरीत्याच वर असतं, मोठ्या माणसाचे आकडे लावले तर निम्मा वॉर्ड सेप्टिक ठरेल. तिथे बाळ ओढतंय की नाही हे आईला विचारणं आजही पहिलं.

फक्त एक सावधगिरी. त्या खुणा गावात, आयसीयूपासून दूर असलेल्या बाळांसाठी होत्या. व्हेंटिलेटरवर, भूल दिलेल्या पेशंटमध्ये रडणं नाही, बोलणं नाही, आणि डायलिसिस चालू असेल तर तापही मशीनच उतरवतं. तिथे डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून रक्ताकडे जास्त बघावं लागतं. रातवा सरांच्या जागी मीही प्रोकॅल पाठवेन.

---

पाणबुडी

खूप काही कळलं. आता व्यवहाराचं विचारते. आपलं माणूस आत असताना आम्ही बाहेर बसून नेमकं काय विचारायचं? ‘प्रोकॅल किती’ हे विचारणं सोडून.

---

रातवा

@पाणबुडी, संसर्ग कुठे आहे असं वाटतंय, हे विचारा. फुप्फुस, लघवी, पोट, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), काहीतरी नाव घ्यायला हवं. ‘रक्तात इन्फेक्शन’ हे उत्तर पुरेसं नाही, रक्तात ते कुठून तरी आलेलं असतं. पित्ताशयात पू असेल किंवा आतडं फुटलं असेल तर तो निचरा झाल्याशिवाय कुठलंही अँटिबायोटिक पुरं पडत नाही आणि प्रोकॅलही उतरत नाही. मग विचारा, कल्चर अँटिबायोटिकच्या आधी गेलं का आणि त्याचं काय आलं. कल्चर आल्यावर औषध बदललं किंवा कमी केलं का. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सरळ: हे औषध कधी थांबवणार आहात? हा प्रश्न नातेवाइकांकडून आला तर मला तरी राग येत नाही. उलट राउंडमध्ये आम्ही सगळे क्षणभर थांबतो, कारण आमच्यापैकीही कोणी तो त्या दिवशी विचारलेला नसतो.

मात्र सुरुवातीच्या तासांत हुज्जत घालू नका. शॉक असेल तर तासाभरात अँटिबायोटिक जायला हवं. तिथे ‘आधी प्रोकॅल येऊ द्या’ म्हणणारा डॉक्टरही चूक आणि नातेवाईकही.

---

अर्धा_कप

शेवटचा प्रश्न. सासरे महिन्यापूर्वी सेप्सिसमधून घरी आले. मेहुणा दर आठवड्याला घरी माणूस बोलावून सीआरपी करून घेतो आणि १२ आलं की घरभर काळजी. करायचं की नाही?

---

शंखवेल

रातवा सर ड्यूटीवर असतील, मी सांगते. डॉक्टरांनी काही कारणाने सांगितलं नसेल तर बंद करा. १२ सर्दीनेही येतं, संधिवात असेल तर कायमच असतं. पण त्यांच्यावर लक्ष हवंच, सेप्सिसनंतर पहिल्या काही महिन्यांत पुन्हा भरती व्हायची वेळ बऱ्याच जणांवर येते. ताप किंवा थंडी वाजून हुडहुडी, बोलण्यात असंबद्धपणा, बसल्याजागी धाप, दिवसभरात लघवी अगदी कमी, यांतलं काही दिसलं तर सीआरपीवाल्याला फोन न करता सरळ हॉस्पिटल गाठा, आणि तिथे पहिल्याच वाक्यात ‘यांना मागच्या महिन्यात सेप्सिस झाला होता’ हे सांगा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मेहुण्याच्या मोबाइलमध्ये असू दे, त्यात कल्चरमध्ये कोणता जंतू आला होता आणि कोणतं औषध चाललं होतं ते लिहिलेलं असतं. रात्री अडीचला कॅज्युअल्टीत तोच कागद लागतो.